लाल गाडी आणि अण्णाचं 'राहू दे'

सख्ख्या भावांच्या भांडणात पडू नये, हे मला बापाने सांगितलं होतं. बायकोच्या सख्ख्या भावांच्या भांडणाकडे तर लांबूनसुद्धा बघू नये, हे मी माझं मी शिकलो. पण त्या दिवशी आमची ही सकाळीच भावांच्या पिकपची किल्ली घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"दोघं शेजारी शेजारी बसणार नाहीत," ती म्हणाली. "आणि वेगवेगळे गेले तर तिथे जाऊन एकमेकांची गचांडी धरतील. तुम्ही मध्ये बसा."

"मी काय उशी आहे?"

"उशी असतात तर बरं झालं असतं. उशी बोलत नाही."

म्हणून मी मध्ये बसलो. गिअरचा दांडा दोन गुडघ्यांच्या मध्ये. स्टिअरिंगवर बारक्या, खिडकीकडे अण्णा. हे माझे दोन मेहुणे. बारक्या नावाचाच बारक्या, दारातून आडवा होऊन आत येतो, बसला की गाडी त्याच्या बाजूला कलते. अण्णा थोरला, माझ्याच वयाचा, वाळलेल्या शेंगेसारखा. त्याला मी तोंडावर अहो-जाहो करतो आणि पाठीमागे अरे-तुरे. माझ्या बायकोला दोघंही सारखेच लाडके, आणि त्या दिवसांत दोघंही सारखेच नकोसे झाले होते.

पिकप चौकात आली. बारक्याने ब्रेक असा मारला की माझं कपाळ काचेला लागता लागता वाचलं.

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दाजी, त्याला सांगा, मरायचं असेल तर एकट्याने मर."

बारक्या समोर बघत म्हणाला, "दाजी, त्यांना सांगा, एकट्यानेच मरायला चाललोय. तेवढी गाडी मिळू द्या."

कित्येक महिने असंच चाललं होतं. एका कारखान्यात, एका घरात राहायचं आणि बोलायचं तिसऱ्यामार्फत. कारखान्यात मजुरांमार्फत, घरात बायकांमार्फत, आणि मी सापडलो की माझ्यामार्फत. शिव्या मला, उत्तरं मला. देणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे, आणि मधला पोस्टमन मी.

आता कशावरून झालं, ते सांगतो. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

यांचा दुकानांची शटरं बनवायचा कारखाना. पत्र्याच्या पट्ट्या एकमेकींत ओवायच्या, वर स्प्रिंग बसवायची, बाजूला खाचा बसवायच्या. तिथे इतका आवाज असतो की आत गेलेला माणूस बाहेर आल्यावरही तासभर ओरडून बोलतो. धंदा अण्णाने उभा केला आणि बारक्याने मोठा केला. दारावर टिनाची जुनी पाटी होती, 'अण्णा शटरवाले आणि बंधू'. बंधू एकच, पण लिहिलं की दुकान भरल्यासारखं दिसतं. ती पाटी गंजली. नवी करायला टाकली. नवी लागली त्या सकाळी बारक्या माल पोचवून परत येतो तर पाटीवर नुसतं 'अण्णा शटरवाले'. आणि बंधू गायब.

बारक्या रस्त्यात उभा राहिला. सगळे मजूर हातातलं काम टाकून बघतायत. आणि तो म्हणाला, "चोर आहेस तू. बाहेरच्याने लुटलं असतं तर पोलिसात गेलो असतो."

अण्णा काही बोलला नाही. आत गेला आणि पट्ट्या कापायचं मशीन चालू केलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. पाटी तशीच. बायकांनीही तेच धरलं. दोघी जावा आजवर एका शेगडीवर स्वयंपाक करत होत्या, तर थोरलीने ओट्यावर दुसरी शेगडी आणून ठेवली. बोलली काही नाही, नुसती ठेवली. शेगडी बोलते ना.

आणि मग आदल्या दिवशी आमच्या घरी बारक्या म्हणाला, "मला या धंद्यातलं काही नको, घरातलं काही नको. एक गाडी द्या म्हणावं, मी जातो."

"कुठली गाडी?" मी विचारलं.

"लाल. शोरूममधली. शटर बसवायला गेलो तेव्हा बघितलीये. खाली बसून जाते, रस्त्याला पोट घासत."

अण्णा आतल्या खोलीत होता. आतूनच म्हणाला, "दाजी, त्याला सांगा, उद्या सकाळी तयार राहा. आज मागितलीस ना, उद्या देतो. मग तोंड दाखवू नकोस."

असं हे भिकेचं आणि दानाचं. एकाला वाटतं, असं काहीतरी मागू की देताना ह्याच्या पोटात कळ आली पाहिजे. दुसऱ्याला वाटतं, असं देऊ की घेताना ह्याचा हात भाजला पाहिजे. पण मला काय दिसत होतं, त्या गाडीच्या कागदावर सही झाली की बारक्या कारखान्यातून गेला आणि घरातूनही गेला. आमच्या हिला माहेर दोन ठिकाणी झालं असतं, आणि एकाही ठिकाणी तिला नीट टेकता आलं नसतं. तिने रात्रभर कूस बदलली होती, ती त्यासाठी.

शोरूम म्हणजे काय विचारू नका. फरशी अशी की माझं टक्कल मला खाली दिसत होतं. आत अत्तराचा वास, कसल्यातरी कातड्याचा वास, आणि थंडी. पायातल्या चपलेला पहिल्यांदाच लाज वाटली. दारावर यांचंच शटर होतं, वर गुंडाळलेलं. अण्णाने आत शिरताना मान वर करून ते बघितलं. बारक्यानेही बघितलं. दोघांनी एकाच जागी बघितलं आणि मग दोन दिशांना माना फिरवल्या.

लाल गाडी मधोमध उभी होती. उभी कसली, दबा धरून बसलेली. मी वाकून आत डोकावलो तर माणसाला बसायला दोनच जागा.

"आणि बायको-पोरं?" मी विचारलं.

"ती पिकपने येतील," अण्णा म्हणाला. बारक्याने ओठ चावला.

विकणारी एक तरुण मुलगी होती. टापटीप, हसरी, हातात टॅबलेट. आम्हाला बसवलं, कॉफी आणली. कप इतका लहान की बारक्याच्या बोटांत तो अंगठीसारखा दिसत होता.

"पैसे कोण देणार?" असं तिने विचारलं नाही, शिकलेली होती. ती म्हणाली, "ऑर्डर कोणाच्या नावाने, सर?"

"गाडी त्याच्या नावाने, भुर्दंड माझ्या नावाने," अण्णा म्हणाला.

ती हसली. तिला वाटलं विनोद आहे.

मग तिने सांगितलं, गाडी म्हणजे नुसती गाडी. बाकी जे जे आपल्याला आवडेल ते वरून लावून घ्यायचं. एकेक करून विचारते, तुम्ही सांगत जा. मला वाटलं चार-दोन गोष्टी असतील. माझ्या लग्नात पण इतकं विचारलं नव्हतं हो.

"लाल रंग साधा हवा की खास? खास लाल उन्हात वेगळा दिसतो."

"खास," बारक्या म्हणाला.

तिने अण्णाकडे बघितलं. अण्णाने हात हलवला. "राहू दे."

तिने टॅबलेटवर बोट टेकवलं आणि छान हसली.

"सीट गरम होणारी हवी का? थंडीत बरं पडतं."

"हवी," बारक्या म्हणाला. "इतकी वर्षं थंड फळीवर बसलोय."

"दाजी, त्याला सांगा, फळीवर बसलास म्हणून पोट सुटलंय, गरम गादीवर बसलास तर फुटेल," अण्णा म्हणाला. आणि तिला म्हणाला, "राहू दे."

टक. बोट टेकलं.

मग आला सायलेन्सर. ती म्हणाली, हा घेतला तर गाडीचा आवाज जास्त येतो.

मला राहवलं नाही. "बाई, सायलेन्सर आवाज कमी करायला लावतात ना?"

"हो सर, पण हा जास्त करायला."

"आणि त्याचे पैसे घेता?"

"आवाजाचेच पैसे आहेत, सर."

"मग आमच्या पिकपला फुकटात आहे," अण्णा म्हणाला. "राहू दे."

बारक्याचे कान लाल व्हायला लागले होते. माणूस एकदा नकार ऐकतो, दोनदा ऐकतो. मग तो वस्तू मागत नाही, नुसता नकार मोजायला लागतो. छप्पर मागे जाणारं हवं. राहू दे. ब्रेकच्या पकडींना पिवळा रंग हवा. राहू दे. स्टिअरिंग कसल्याशा काळ्या धाग्याचं हवं, विमानाला वापरतात तसलं. राहू दे. गतिरोधक आला की गाडीने नाक उचलावं म्हणून एक बटण होतं.

"नाक उचलायचं बटण त्याला कशाला?" अण्णा म्हणाला. "त्याचं आधीच वर असतं. राहू दे."

"दाजी," बारक्या म्हणाला, आवाज खाली ठेवून, आणि तेच वाईट, "त्यांना सांगा, देताना रडायचं होतं तर काल मर्दासारखं बोलायचं नव्हतं. नागडी गाडी देणार आहेत का मला? चाकं तरी लावून देणार ना?"

"दाजी, त्याला सांगा, गाडी मागितली होती, वरात नव्हती मागितली."

मी कॉफी प्यायलो. कडू होती. मला तेवढ्यात एक गोष्ट खटकली होती, पण तेव्हा लक्षात घ्यायला हवी होती तशी मी घेतली नाही. प्रत्येक नकाराला ती मुलगी जास्त जास्त खूष होत होती. नाही ऐकून इतकं फुलणारी विक्रेती मी जन्मात बघितली नव्हती. मध्येच उठून तिने आमच्यासाठी बिस्किटंपण आणली, चांगली, चांदीच्या कागदातली. मला वाटलं, संस्कार चांगले असतील.

मग ती म्हणाली, "आणि सर, हे फार सुंदर आहे. दार उघडलं की खाली जो उंबरा असतो ना, तिथे स्टीलची पट्टी येते. तिच्यावर तुमचं नाव कोरून मिळतं. दार उघडलं की अक्षरं उजळतात. काय नाव घालू?"

बारक्या मागे टेकला. खुर्ची करकरली. त्याने त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच अण्णाच्या डोळ्यांत बघितलं.

"घाला," तो म्हणाला. "'अण्णा शटरवाले' घाला. तेवढंच. पुढचं घालू नका, पुढचं आमच्याकडे चालत नाही."

"पुढचं म्हणजे काय, सर?" तिने विचारलं.

आता मला कोणी सांगितलं होतं का? उशी बोलत नाही. पण माझी जीभ कुठे उशी आहे. मी म्हटलं, "आणि बंधू."

"छान आहे की," ती म्हणाली आणि अण्णाकडे वळली. "मग त्या 'आणि बंधू'चं काय करायचं, सर?"

अण्णा तिच्याकडे बघत नव्हता. दाराकडे बघत होता, वर गुंडाळलेल्या शटरकडे.

"राहू दे," तो म्हणाला.

बारक्या हसला. ते हसणं मी आधी ऐकलेलं नव्हतं, आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. "ऐकलंत ना दाजी? तिकडे पाटीवरून खोडलं, इकडे उंबऱ्यावरून. कागद आणा बाई. कुठे सही करायची ती सांगा. मला आता ह्या माणसाच्या हवेत श्वास घ्यायचा नाही."

मी मनात म्हटलं, अण्णा, तू वाळलेला आहेस हे माहीत होतं, पण इतका?

"एकदा सगळं वाचून दाखवते, सर," ती म्हणाली. "मग सही." आणि ती वाचायला लागली. "खास लाल रंग. गरम होणाऱ्या सीट. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. मागे जाणारं छप्पर. पिवळ्या पकडी..."

"थांब, थांब," अण्णा म्हणाला. "हे कोणी सांगितलं?"

"तुम्हीच ना, सर."

"मी राहू दे म्हणालो."

"हो सर. म्हणून सगळं राहू दिलं."

अण्णाने माझ्याकडे बघितलं, मी बिस्किटाकडे बघितलं.

"राहू दे म्हणजे नको," अण्णा म्हणाला. एकेक शब्द खिळ्यासारखा.

त्या पोरीचं हसू गेलं. पण ती मागे हटली नाही. "सर, हे हवं म्हणत होते आणि तुम्ही राहू दे म्हणत होतात. आमच्या घरी धाकट्याने हट्ट केला की बाबा म्हणायचे, राहू दे त्याला. म्हणजे त्याला मिळायचं. मला वाटलं, तुम्ही भावाचे लाड करताय."

"लाड," बारक्या म्हणाला. नुसता तेवढाच शब्द, थुंकल्यासारखा.

"काढ," अण्णा म्हणाला. "सगळं काढ."

"एकेक काढावं लागेल, सर. प्रत्येकाला विचारतं हे."

"मग विचार."

"खास रंग?"

"काढ."

"सीट?"

"काढ."

सायलेन्सर काढ, छप्पर काढ, पकडी काढ. स्टिअरिंग काढ म्हटल्यावर ती दचकली, मग म्हणाली साधं येईल. नाकाचं बटण काढ. बारक्या हाताची घडी घालून बघत होता, एखाद्याने आपल्या अंगावरचे कपडे भर रस्त्यात उतरवावे तसा चेहरा. आणि अण्णाचा आवाज दर वेळी चढत होता, कारखान्यातल्यासारखा. पलीकडे एक गिऱ्हाईक आपल्या बायकोला घेऊन दुसऱ्या गाडीमागे गेलं.

"आणि ही शेवटची," ती म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "उंबऱ्याची पट्टी. 'अण्णा शटरवाले आणि बंधू'. हेपण काढू?"

बारक्याची घडी सुटली. "काय वाचलं?"

"'अण्णा शटरवाले आणि बंधू', सर."

"ते कोणी घालायला सांगितलं?"

"सर राहू दे म्हणाले. म्हणून मी ते पण... सॉरी सर, हे पण चुकलं असेल. काढते."

तिचं बोट खाली येत होतं. अण्णा म्हणाला, "ते राहू दे."

बोट वर राहिलं. बिचारी एकदा अण्णाकडे, एकदा टॅबलेटकडे. "म्हणजे, सर..."

"म्हणजे ठेव," अण्णा म्हणाला. "ठेव. तेव्हाही ठेवच म्हणत होतो."

"तेव्हा म्हणजे कधी?" बारक्याने विचारलं. "आत्ता, मघाशी? का तेव्हा?"

'तेव्हा' म्हणजे कुठलं तेव्हा, हे आम्हा तिघांना बरोबर कळलं. अण्णा कपाच्या कानाशी खेळत होता. मग मीच खिशातून फोन काढला आणि पाटीवाल्याला लावला. स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर ठेवला, बिस्किटांच्या शेजारी.

"बोला दाजी," पाटीवाला म्हणाला.

"अरे, अण्णांची पाटी केलीस तेव्हा 'आणि बंधू' का नाही लिहिलंस?"

"अण्णांनीच सांगितलं. मी फोन केला होता. मागे मशीन चालू होतं, काही ऐकू येत नव्हतं. मी विचारलं, 'आणि बंधू'चं काय करू? ते म्हणाले, राहू दे. मग राहू दिलं."

"राहू दिलं म्हणजे?"

"म्हणजे नाही लिहिलं. राहू दे म्हटल्यावर कोण लिहितं? का, काही चुकलं का?"

"नाही," मी म्हटलं. "तुझं काय चुकणार. तू शुद्ध मराठी बोलतोस." आणि फोन बंद केला.

मला वाटलं, झालं. आता एक जण डोळे पुसेल, दुसरा पाठीवर हात ठेवेल, आणि मी घरी जाऊन जेवेन. कुठलं काय. बारक्या उठला. खुर्ची मागे सरकून फरशीवर किंचाळली.

"आणि तू?" तो म्हणाला. दाजी नाही, सांगा नाही. सरळ तू. "पाटी लागली तेव्हा तुला दिसली नाही? आंधळा होतास?"

"दिसली," अण्णाही उठला.

"मग?"

"शिडी लावून उतरवायला सांगणार होतो. तेवढ्यात तू आलास. पोरांसमोर चोर म्हणालास मला. ज्यांना मी पगार देतो त्यांच्यासमोर."

"मग सांगायचं होतं तेव्हाच. चूक झाली म्हणायचं होतं. तोंड नव्हतं तुला?"

"चोराने काय सांगायचं? 'मी चोर नाही' अशी दुसरी पाटी लावू?"

"माझं नाव गेलं होतं तिथून."

"आणि माझं काय राहिलं होतं? तू एकदा तरी विचारलंस, अण्णा, हे कसं झालं? एकदा? तुझ्या मनात आधीपासून होतं की हा कधीतरी मला खाणार. पाटीने फक्त निमित्त दिलं."

ते खरं होतं. आणि खरं असलं की माणूस जास्त चिडतो.

"होतं मनात," तो म्हणाला. "कोणामुळे होतं? शटर मी बसवायचं, हात मी कापून घ्यायचे, आणि गिऱ्हाइकाला सांगताना 'मी केलं'. मी, मी, मी. तुझ्या तोंडात 'आम्ही' कधी आलं? पाटीवर तेवढं एक होतं. तेही तू फोनवर दोन शब्दांत निकालात काढलंस. धड ठेव म्हणता येत नाही तुला? ठेव म्हणायला जीभ झिजते?"

"झिजते," अण्णा म्हणाला. "तुझ्यासारख्याला सांभाळून झिजली."

आता अख्खं शोरूम आमच्याकडे बघत होतं. एक साहेब काचेच्या खोलीतून बाहेर आला, बारक्याचा आकार बघितला आणि पुन्हा आत गेला. खरं सांगू, मला त्या गोंगाटात हायसं वाटत होतं. कानठळ्या बसत होत्या, पण त्यातलं एकही वाक्य माझ्यामार्फत जात नव्हतं. पोस्ट ऑफिस बंद झालं होतं.

ती मुलगी मात्र घाबरली होती. तिने विचारलं, "सर, गाडीचं काय करायचं?"

दोघं थांबले. गाडी विसरूनच गेले होते.

"घे," अण्णा म्हणाला. "मागितलीस, मी दिली. मी शब्द फिरवत नाही. सही कर आणि जा."

"मला नको तुझी गाडी."

"काल सगळ्यांसमोर मागितलीस."

"आज सगळ्यांसमोर नको म्हणतो. असली नागडी गाडी घेऊन मी कुठे जाऊ? रंगसुद्धा काढलास तिचा."

अण्णाने मान खाली घातली. मला वाटलं, आता हसतोय की काय. पण तो हसला नाही. त्याने त्या मुलीला विचारलं, "ती पट्टी नुसती मिळते का? नाववाली?"

"नाही सर. गाडीबरोबरच येते."

"मग राहू दे."

तिने टॅबलेट छातीशी धरला. "सर, हात जोडते. हो किंवा नाही, एवढंच सांगा."

"नाही," अण्णा म्हणाला. "नको. गाडी नको, पट्टी नको."

"बिस्किटं नेऊ का?" मी विचारलं. आमच्या हिला दाखवायची होती. ती म्हणाली, घेऊन जा सर, आणि डबाच दिला. लवकर जा, असं तिचा चेहरा म्हणत होता.

बाहेर पडताना बारक्या दारात थांबला आणि वर शटरकडे बघितलं. "डाव्या खाचेत कचरा साठलाय," तो म्हणाला. "ह्यांनी वर्षभर ग्रीस घातलं नाही."

"बसवलंय कोणी?" अण्णा म्हणाला.

"आपणच."

"मग गिऱ्हाइकाला शिव्या कशाला देतोस."

पिकपमध्ये मी पुन्हा मध्ये. गिअरचा दांडा पुन्हा गुडघ्यांत. घरी येईपर्यंत दोघं माझ्या डोक्यावरून भांडत होते. चोर म्हणाल्याबद्दल बारक्याने माफी मागितली नाही, अजूनही मागितलेली नाही. आणि अण्णाने, मी गप्प बसलो हे चुकलं, असं म्हटलं नाही, तो मरेपर्यंत म्हणणार नाही.

दारात आमच्या हिने विचारलं, "मिटलं का?"

"मिटलं कुठलं," मी म्हटलं. "आता तोंडावर भांडतात."

तिने डबा हातात घेतला आणि तिथेच पायरीवर बसली. एक बिस्कीट खाल्लं. रडलीपण थोडी, खाता खाता.

दुसऱ्या दिवशी पाटीवाला शिडी घेऊन आला. 'अण्णा शटरवाले'च्या पुढे जागा कमी, म्हणून 'आणि बंधू' दाटीवाटीने बसवावं लागलं. बारक्या खाली उभा राहून ओरडत होता की मला चिरडून लिहिलंय, अक्षरं बारीक झाली. अण्णा आतून ओरडत होता की माणूस एवढा जाड झाला तर पाटी कुठून आणायची. मजूर हसू दाबून पट्ट्या ओवत होते.

राहिली ती दुसरी शेगडी. त्या संध्याकाळी आम्ही सगळे तिकडेच जेवायला होतो. थोरली ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "अहो, ह्या शेगडीचं काय करायचं?"

अण्णाच्या तोंडात घास होता. त्याने हात हलवला, तोंड उघडलं. तेवढ्यात बारक्याची बायको म्हणाली, "अण्णा, ठेवायची का काढायची, तेवढंच बोला."

अण्णाने घास गिळला. सगळ्यांकडे बघितलं, सगळ्यात शेवटी बारक्याकडे.

"काढ," तो म्हणाला.

"ऐकलंत ना?" बारक्या ताटातून मान वर न करता म्हणाला. "बोलता येतं त्याला."